एकच काडी

रायलीबाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर
एकेक काडी ठेवली;
प्रसाद ठेवावा तशी नव्हे,
उधारी द्यावी तशी, तोंडाकडे बघून.
काडीची किंमत काय, असं सहज म्हणतात.
उणे चौदात विचारून बघावं.

पिएलिनेन तळं कोऱ्या पाटीसारखं.
तीन वाजताच दिवसानं दुकान आवरलेलं.
स्कीवरून सहा किलोमीटर आलेली अकरा पोरं,
गळ्यात निळे रुमाल, नाकांचे शेंडे लाल,
मागच्या घसरगाडीत तंबू, वाटाण्याचं सूप
आणि हिल्लाचा मुरगळलेला घोटा,
म्हणजे अख्खी हिल्लाच.
तिला ओढायचं कुणी, यावरून जुंपली.
मग ज्याच्यात सगळ्यात कमी दम
तोच म्हणाला, मी.
आमोस. सप्टेंबरात अर्ध्या टेकडीवर
बसकण मारून रडला होता.

भूर्जाची साल,
जिच्यावर दूर कुठे पोथ्या उतरवल्या गेल्या,
ती इथे फक्त जाळाची पहिली ओळ.
नखानं सोलायची, पापुद्र्याइतकी,
वर काटक्या, बोटाहून बारीक,
आणि श्वास आवरून धरायचा.

आमोसची काडी विझली.
वारा नव्हता. हात हलला, एवढंच.
मी पाहिलं: दुसरा हात खिशात गेला
आणि आला.
जाळ झाला. पोरं ओरडली.
बाईंनी वहीत खूण केली.
मी सोळा वर्षांचा मदतनीस,
वहीत खिसा नसतो, म्हणून गप्प.
खरं तर मलाही कधीतरी
असाच एक खिसा होता.

सूप संपलं. कुणीतरी भुताची गोष्ट
मध्येच विसरलं.
तेव्हा निखाऱ्यांकडे बघत तो म्हणाला,
‘दोन.’
काय दोन?
‘काड्या.’

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
बाईंनी पाठ थोपटली नाही, उपदेश नाही,
वहीतली खूण खोडली
आणि म्हणाल्या, ‘सकाळची लाकडं तू फोड.’

सकाळी कुऱ्हाड त्याच्याहून जड.
घाव चुकत होते, ओंडके उडत होते,
हिल्ला गाडीतून सूचना देत होती,
न मागता, चिकार.
तळव्याला दोन फोड आले, तेही मोजून.
छपराखाली त्यानं लाकडं रचली,
स्वतःसाठी नाही;
मार्चमध्ये, केव्हातरी,
कुणीतरी भिजून, उशिरा, इथे पोचेल,
त्याच्यासाठी. नाव माहीत नाही.
लाकडांवर सालीची गुंडाळी,
पत्र्याच्या डबीत
खिशातली उरलेली तिसरी.

बिल्ला मिळाला नाही.
परतीच्या वाटेवर तो दोनदा पडला,
एक शिवी हासडली,
ती शपथेत बसत नाही,
आणि गाडीचा दोर पुन्हा
कंबरेला बांधला.
गाठ बरोबर होती.