कोरड्यात कोरडं

हिंगोलीहून औंढ्याकडे जाताना डाव्या हाताला
पत्र्याचं छप्पर दिसतं, ती आमची प्रयोगशाळा.
बाहेर त्रेचाळीस.
मेंथॉल बेचाळिसालाच धीर सोडतं,
म्हणून महेबूबभाई त्याची बाटली
माठाच्या बुडाशी, ओल्या फडक्यात
तान्ह्या लेकरासारखी गुंडाळून ठेवतात.

प्रयोग क्रमांक अकरा.
खलात आधी पुदिन्याचं सत्त्व, काचेच्या सुयांसारखं.
मग ओव्याचं सत्त्व. मग कापूर.
घोटायचं, पण जोर लावायचा नाही.

दैवशाला कळमनुरीच्या पुढची,
तिच्या गावात टँकर दिवसाआड येतो.
खलातला पहिला पाझर
सगळ्या बॅचच्या आधी तिलाच दिसतो.
“म्याडम, कोरड्यात कोरडं घातलं,
मंग पाणी आलं कुठून?”

पाणी नाही गं ते.
तिघं आपापल्या बाटलीत रांग धरून उभे होते,
एकमेकांत मिसळले आणि कुणालाच रांग धरता येईना.
वितळायला लागणारी आच उतरत उतरत
या खोलीच्याही खाली आली.
याला पुस्तकात मोठा शब्द आहे, तो परीक्षेत लिही.

तिनं वहीत लिहिलं: पाणी नाही.
खाली दोन रेघा मारल्या.

मग प्रत्येकीच्या मनगटावर एक थेंब,
आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी
क्षणभर सहा वर्षांच्या.
मी तापमापी टेकवते. पारा जागचा हलत नाही.
मेंथॉल काहीच थंड करत नाही.
कातडीखाली गारव्याची बातमी नेणारी चौकी असते,
तिचं दार ते नुसतं ढकलतं,
आणि मेंदू बिचारा विश्वास ठेवतो.
खोटीच बातमी. पण कपाळ ठणकत असताना
कोण जातंय पडताळायला?

त्याच सांगाड्याची एकूण आठ भावंडं आहेत,
अणू तेच, फक्त हात इकडे की तिकडे वळलेला.
गारवा नीट जमतो तो एकालाच.
(यावर मागच्या बाकावर कुणीतरी
आपल्या घरातली भावंडं मोजली.)

खोलीमागे, ऊर्ध्वपातनाचं पाणी जिथे सोडलंय तिथे
विलायती पुदिना माजलाय.
बी धरत नाही, जमिनीलगत हातपाय पसरत जातो.
कोवळ्या पानात मेंथोन जास्त,
पान जून होत गेलं की त्याचंच मेंथॉल होतं.
म्हणजे गारवा वयानं येतो, असं मी शिकवते,
आणि पोरी माझ्याकडे बघून हसू दाबतात.
माझं बावन्नावं चालू आहे,
रात्री अंगातून वाफा निघतात.

तेलाच्या कॅप्सूलला असं कवच द्यायचं
की ती जठरात फुटू नये, आतड्यात जाऊन फुटावी.
तिथले स्नायू सैल पडतात, मुरडा थांबतो.
जठरातच फुटली तर उलट छाती जळते.
चार महिने थकलेल्या पगाराच्या मुरड्यावर
या कॅप्सूलचा अभ्यास झालेला नाही.

तेवढ्यात वॉचमनची सून शिवकांता दारात आली,
कडेवर दीड महिन्याचं, नाक चोंदलेलं.
“ताई, वास मारायलाय बाहेरवर. एक थेंब द्या की,
नाकाला लावते याच्या.”
मी काही म्हणायच्या आत,
खरं तर मी ड्रॉपर उचललाच होता, खोटं का बोलू,
वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या महेबूबभाईंनी
माझं मनगट धरलं.

“तान्ह्याला नाही. श्वास अडकतो.”

पुस्तकात आहे हे. पान मला पाठ आहे.
त्यांनी पुस्तकातून सांगितलं नव्हतं.

शिवकांता मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन गेली.
कुणी काही विचारलं नाही.
त्या दिवशी त्यांनी खल तीनदा धुतला.
नळ कोरडा होता,
पाणी माठातलं घेतलं.