पाणी कुणी काढलं

बर्फाच्या कारखान्यात, वजनकाट्यामागच्या भिंतीला
चादर ठोकून आम्ही तिन्ही चित्रपट पाहिले,
लागोपाठ तीन रात्री, लिलाव उठल्यावर.
प्रोजेक्टर खलफेंच्या धाकट्याचा. चादर माझी.
अमोनियाचा वास तिन्ही गोष्टींना सारखाच लागला.

जगातलं मोठं बक्षीस सोमवारी पहाटे जाहीर व्हायचं होतं.
हर्णैला कुणी मत विचारलं नव्हतं,
म्हणून आमची मतं फार ठाम होती.

पहिल्यात काचेचा हत्ती एका शहरातून चालतो,
कुणी त्याला पाहत नाही, तडे तेवढे वाढतात.
दुसऱ्यात लोकरीची मुलगी,
गोधडीच्या घड्यांत घरची वाट शोधणारी.
तिसऱ्यात समुद्र, दीपगृह, परत न आलेली होडी.
त्या समुद्राचं पाणी आमच्या केतकी पावसेनं काढलं होतं,
पुण्यात, चौदा महिने, खुर्चीवर बसून.
शेवटी नावं वर सरकतात त्यात तीही सरकते,
पापणी लवली की गेली.
आम्ही पापणी न लवता पाहिलं, चारदा.

मग वाद कसला, असं तुम्ही म्हणाल.
गावची पोर, गावचं मत.
पण लतीफ तांडेल उभा राहिला,
मागे चादरीवर लाट थांबवून धरलेली:
"वारा दक्षिणेचा दाखवलाय, बावटा बघा होडीवरचा.
मग लाट उलटी कशी फुटते?
खोटा समुद्र. बक्षीस नाय."

पाटकर बाई हत्तीच्या बाजूच्या.
गोष्ट म्हणजे पाणी नव्हे रे, गोष्ट म्हणजे तडा,
असं चित्रकलेच्या तासाच्या आवाजात म्हणाल्या
आणि लतीफला खाली बसवलं, सातवीत बसवायच्या तसं.
बर्फ फोडणारा जनू म्हणाला,
हत्ती थांबला तेव्हा मी विडी विझवली,
अर्धी होती.
आणखी काय पुरावा पाहिजे?

केतकीचा बाप हरेश्वर काट्याजवळ उकिडवा,
जाळ्याचा दोरा दातांत.
विचारलं तेव्हा त्यानं दोरा तोडला.
"लोकर."
"अरे, आणि पोरीचा समुद्र?"
"चौदा महिने म्हंजे किती, ते मला ठाव हाय.
ती बाहुली मान वळवते ना,
तितं खांद्यावरची लोकर जराशी दबते.
कुणाचं तरी बोट लागलंय तिला."
आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

शेवटी केतकीलाच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.
ती हसली. "लाट मी बरोबर फोडली होती, काका.
पण तिच्यामागे नायकाचा चेहरा झाकला जात होता.
तीन बैठका झाल्या. मग वळवली."
"चेहऱ्यासाठी?" लतीफ म्हणाला,
कुणी दुसऱ्याचं जाळं कापल्याचं कबूल करावं
आणि आपण ऐकावं, तशा आवाजात.

"बेचाळिसाव्या मिनिटाला बघा," ती म्हणाली,
"खाडीचं तोंड. तिथे कुणी काही बदललं नाही.
कुणाचं लक्षच नव्हतं."

चार सेकंद.
काळोख, गाळावरून उतरणारं पाणी,
मागे राहिलेला फेस, आणि खेकड्याच्या बिळातून
एक बुडबुडा, वर येऊन न फुटलेला.

काटा रिकामाच हलला.
"भांगाची ओहोटी," लतीफ म्हणाला,
"आंजर्ल्याच्या बाजूची."
मग थोड्या वेळानं: "परत लाव."

मी सवयीनं वहीत आकडा मांडला,
सेकंदाला चोवीस, चार सेकंदांची शहाण्णव चित्रं,
आणि कुठल्या खात्यावर टाकायची ते न कळून
सुरमई आणि म्हाकूल यांच्यामधे
तशीच ठेवली.

सोमवारी हत्तीला मिळालं.
पाटकर बाईंनी पेढे वाटले,
जणू ती काच त्यांनीच फुंकली होती.
लतीफनं दोन घेतले.
"त्यात पाणीच नव्हतं," तो म्हणाला,
"चुकणार कुठं?"