विषय : माहिती मिळणेबाबत

आंबेकर बाईंनी फळ्यावर चौकट आखली होती :
उजव्या कोपऱ्यात आपला पत्ता, खाली तारीख,
मग डावीकडे त्यांचा, मग 'सर'.
स्वल्पविराम विसरला की अर्धा मार्क गेला.
पाच मार्कांचं पत्र.
नववी ब, मुलींची शाळा, रविवार पेठ,
आणि आमच्यातल्या एकीनेही तोवर
कोणाला इंग्रजीत काही विचारलेलं नव्हतं.

मला पहिलं गिऱ्हाईक मिळालं बोहरी आळीत.
फिदाअली घडीवाला. दुकान म्हणजे
दोन दोरीवाल्यांच्या मधली फट,
तो आत बसला की भरलं.
डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून म्हणाला,
"तुझी आई सांगत होती, तू साहेबाला पत्र लिहितेस."
साहेब कसला. मी तोवर लिहिलं होतं
एका नसलेल्या शिबिराच्या नसलेल्या संचालकाला.

घड्याळ जर्मन होतं, भिंतीवरचं.
लंबक जिच्यावर लटकतो ती पत्ती तुटलेली,
नखाएवढी, कागदासारखी.
लिही, तो म्हणाला, आणि सांगू लागला :
की कारखाना बरा चाललाय ना.
की इकडे धरणातून पाणी सोडलंय, मुठा फुगली आहे.
की घड्याळ ज्यांचं ते दिवाळीत वारले,
आणि त्यांची बायको कसब्यातून चालत येते दर शुक्रवारी
नुसतं विचारायला, वाजलं का.
की ही पत्ती ज्यानं पहिल्यांदा बनवली
त्याचे डोळे अजून शाबूत आहेत का.

मी म्हटलं, चाचा, यातलं काही चालत नाही.
इंग्रजीत मुद्द्याचंच लिहायचं.
आणि लिहिलं : आय शॅल बी ग्रेटफुल
इफ यू वुड काइंडली फर्निश...
"फर्निश? आपल्याला फर्निचर नको."
तसं नाही हो. फर्निश म्हणजे पुरवा. माहिती पुरवा.
"मग काइंडली?"
मेहरबानी करून.
"हां. ते दोनदा घाल."
घातलं. बाईंनी मार्क कापला असता.
शेवटी युवर्स फेथफुली, आणि खाली त्याची सही,
जी त्यानं श्वास रोखून केली,
सेकंदकाट्याला चिमटा लावावा तशी.

मजुरी : एक चहा, दोन खाऱ्या,
आईच्या घड्याळाला नवा पट्टा.

उत्तर साडेचार महिन्यांनी आलं.
जाड कागद, पाच ओळी.
डिअर मिस्टर घडीवाला.
"डिअर?"
त्यानं तेवढंच तीनदा वाचायला लावलं.
ते सगळ्यांनाच लिहितात, हे मी सांगितलं नाही.
पुढे होतं, वी रिग्रेट. तो भाग आता बनत नाही.
"रिग्रेट म्हणजे?"
वाईट वाटतं.
"कुणाला?"
मी सहीकडे पाहिलं. सही लागत नव्हती.

तोवर पत्ती त्यानं केव्हाच केली होती,
एका मेलेल्या गजराची कमान कापून, कानशीनं,
सात मोडल्या, आठवी बसली.
घड्याळ कसब्यात चालत होतं, दिवसाला दोन मिनिटं मागे,
आणि बाई म्हणाल्या होत्या, राहू दे,
हेही असेच पोचायचे.

"आता त्यांना लिही, वाईट वाटून घेऊ नका.
काम झालं. पत्तीचं माप देतो,
तुमच्याकडे ठेवा, कुणी विचारलं तर."

मी वही उघडली.
तक्रारीचा नमुना होता, रजेचा होता, चौकशीचा होता.
न विचारलेली माहिती कशी द्यायची
ते बाईंनी घेतलंच नव्हतं.

मग त्यानं स्वतःच लिहिलं,
उजवीकडून डावीकडे, त्याच्या घरच्या अक्षरांत,
कागदाच्या दोन्ही अंगांना, समास न सोडता.
मला त्यातलं फक्त पत्तीचं चित्र कळलं.
मुठेचं पाणी असणार, शुक्रवार असणार.

मी पाकिटावर पत्ता घातला तेवढा.
इंग्रजीत. स्वल्पविरामांसकट.