एकेचाळीस अंश

लिबेरेत्समधलं तळघर, रात्रीचे पावणेअकरा.
कोपऱ्यावरच्या खाटकाकडून आणलेला डुकराच्या मांसाचा तुकडा
बोहदानाने पाण्यात बुडवलाय.
दोन सेंटीमीटर आत, केसाएवढ्या नळीत
झोपलेला रंग.

सुई नाही, चीर नाही.
कुणालाच ऐकू न येणारा आवाज
ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागी एकवटतो,
मांस तेवढंच तापतं.
एकोणचाळीस. काही नाही.
चाळीस. पडदा काळा, पंख्याची घरघर.
मग रंग डोळा उघडतो.
वर येईस्तोवर उजेड विस्कटतो,
दुधाआडून दिवा दिसावा तसा.

तिचा बाप ओताकार
काचेच्या भट्टीपुढे उभा राहिला एकतीस वर्षं.
थर्मामीटरला कधी शिवला नाही.
"चेरी झालं की थांब, संत्रं झालं की फुंक"
एवढीच त्याची शाळा.
त्याच्या यकृतात गाठ धुमसत होती तेव्हा
कपाळ गारच होतं.
सगळे म्हणाले, ताप नाही ना, मग झालं.
तीही म्हणाली.

वहीत ती आकडा लिहिते, शेजारी प्रश्नचिन्ह.
अर्धा अंश इकडेतिकडे असेल. उद्या पुन्हा.

आवरताना तुकडा बोटांना लागतो,
गार, बुळबुळीत.
कुठे तापला होता
काही सांगत नाही.