गाठ दिसू नये

मायच्या डाव्या पापणीवर ज्वारीच्या दाण्याएवढं
एक चामखीळ होतं. माझ्याही आधीपासूनचं.
दूध पिताना मी म्हणे ते बोटानं चाचपायची,
सापडलं की मगच झोपायची.

तांडापेठेत उपाय सांगणारे कमी नव्हते.
हेडाऊंच्या मावशीनं चुना सुचवला,
कुणी टांग्याच्या घोड्याचा केस आणून दिला, बांधायला.
माय म्हणाली, डोळा हाय तो, खुंटा नाही.
आणि पुन्हा मागावर जाऊन बसली.

माग विकला, तरी दाणा राहिला.
साठीनंतर हळूहळू वाटाण्याएवढा झाला,
पापणी खाली ओढू लागला.
सुई ओवताना ती मान तिरपी करायची, कोंबडीसारखी.
म्हणायची, मले आता अर्ध्या दारातून दिसते सगळं.

धंतोलीत डॉक्टर अंजनकर.
नावावरूनच मायचा विश्वास बसला.
मे महिना, कूलरच्या वाळ्याचा वास,
बाकावर ओळीनं बसलेले पट्टी बांधलेले डोळे.
साधीच गाठ दिसते, डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटांचं काम.
मला आत थांबू दिलं, कारण मायनं
माझी ओढणी सोडलीच नाही.

आधी थेंब. मग सुई.
पापणी फुगली, भिजवलेल्या मनुकेसारखी.
मग तोंडावर हिरवं कापड, कापडाला एक भोक,
भोकात मायचा एकच डोळा.
इतकी वर्षं मी त्याला
कधी एकट्याला भेटले नव्हते.

कात्री नखाएवढी.
रक्त आलं, ते टोचणीच्या ठिणगीनं थांबवलं,
आणि खोलीत एक वास पसरला.
कापडाखालून माय म्हणाली,
रेशीम जाळलं का जी?
अस्सल रेशीम असंच वासते, केसावाणी.
डॉक्टरांचा हात क्षणभर थांबला. मास्कमागे ते हसले असावेत.

मग टाके. तिनं विचारलं, दोरा कितीचा?
सहा-शून्य.
म्हणजे?
जितकी शून्यं जास्त, आजी, तितका दोरा बारीक.
माय बराच वेळ गप्प. हिशेब करत असावी.
आमच्यात शून्य नाही मोजत, ती म्हणाली.
एकशेवीस नंबरचं तुटलेलं सूत सांधलं मी, कंदिलाच्या उजेडात.
गाठ दिसली तर शेठ साडीमागं पैसे कापे.
तुमचीही गाठ
दिसू नये, बाप्पा.

तीन टाके पडले.
दाणा एका बाटलीत तरंगत होता,
बाटलीवर चिकटपट्टी: बारापात्रे, डावी, वरची.
मायनं ती उजव्या डोळ्यासमोर धरली.
एवढुसंच? म्हणाली. मले वाटलं होतं, वजन असन.

आठवड्यानं टाके निघाले, रिपोर्टही आला.
मी वाचून दाखवला: निरुपद्रवी.
चाळीस वर्षं निरुपद्रवीच होतं ते, माय म्हणाली,
मले विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं.
त्या रात्री ती झोपल्यावर
मी हलकेच बोट फिरवलं पापणीवरून.
काही सापडलं नाही.
मला झोप उशिरा लागली.

नोव्हेंबरात बँकेत, हयातीच्या दाखल्याला.
बाबांच्या गिरणीच्या पेन्शनीचं पुस्तक,
त्यात मायचा जुना फोटो आणि खाली निळ्या शाईत
ओळखचिन्ह: डाव्या पापणीवर चामखीळ.
खिडकीतल्या पोरानं फोटो पाहिला, मायला पाहिलं,
पुन्हा फोटो पाहिला.
कुठं आहे, आजी?
काढलं.
मग तुम्हीच त्या, हे कशावरून?

मायनं खिडकीच्या गजांना कपाळ टेकवलं,
डावा डोळा मिटला.
इथं पाय. तीन टाके होते. दिसतेत का?
पोरानं चष्मा कपाळावर सरकवला, पुढे वाकला,
मागची रांग कुरकुरायला लागली.
नाही दिसत, आजी.

मंग काम चांगलं झालं, माय म्हणाली.
मार शिक्का.