शिवणीची फळी

भावजयीने कौल लावला : हिच्या गोळ्या चालू ठेवाव्यात का.
वाड्यावरच्या सातेरीच्या अंगावर
ओल्या पाकळ्या, उजव्या, डाव्या,
गुरव माझ्या नावाने गाऱ्हाणं घालत होता
आणि मी खांबाआड,
हजेरीत नाव पुकारल्यावर गप्प बसलेल्या पोरीसारखी.

डावी पडली.
म्हणजे नको.
भावजय रडली, जरा आनंदानेच.

सोमवारी मी वाळपईहून बस धरली.
बांबोळीच्या खिडकीवर तोच कागद, तोच शिक्का.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, देवीला विचारा की,
पण प्रश्न नीट विचारा.
आणि हातांना काहीतरी काम द्या.

हातांना द्यायला घरात होती
गोठ्याच्या माळ्यावरची शिवणीची फळी,
आणि पुतू च्यारीने उसन्या दिलेल्या तीन पटाश्या.
त्यातली एक बोथट. मुद्दाम दिली असावी.

उठाव म्हणतात ह्या कामाला.
पण उठत कुणीच नाही पुरतं.
आपण फक्त भोवतालचं खाली नेतो,
केसभर, आणखी केसभर,
आणि उरतं ते वर आल्यासारखं दिसतं.
पाठ त्याची फळीतच असते.
हे कळलं त्या दिवशी
मोगरी खाली ठेवून बराच वेळ बसले.
इतकी वर्षं मला वाटायचं
बरं होणं म्हणजे सुटून येणं.

गाठ लागली तिथे पटाशी घसरली,
देवीचा डावा कान गेला, माझं बोटही.
झोप नसलेल्या रात्री सहाणेवर धार लावायची,
शेजारचं कुत्रं भुंकायचं,
मग त्यालाही सवय झाली.
पुतूने फळी उजेडात तिरकी धरली. म्हणाला,
कान पदराखाली घे.
असं करता येतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी तीर्थ घेते, मग गोळी.
तळहात तोच.

पाकळ्या सगळ्यात शेवटी कोरल्या.
खांद्यावर, दंडावर, कपाळाच्या कडेला,
इतक्या पातळ की श्वास धरून.
भावजयीने बोट फिरवलं.
कौल लावलायस?
हो.
काय विचारलंस?
अजून ठरवतेय.

लाकडातल्याच त्या, पडणार कुठे.
तरी ती हात जोडून
थोडा वेळ थांबली, बघत.
मीही थांबले.