आधी मागे चला

एका आठवड्यात दोन दलाल येऊन गेले.
पहिला लंडनहून, साडेपाच तास गाडी हाकत.
नाव क्रिस्पिन ऑकडेन. हा फक्त चॅपलं विकतो.
चॅपलं, पवनचक्क्या, एखादा पाण्याचा बुरूज,
म्हणजे देव, वारा किंवा पाणी जिथं राहून गेलं
आणि आता माणसांना राहायचंय, अशा जागा.

न सांगता त्यानं दारात बूट काढले
आणि वर बघत राहिला. बराच वेळ.
म्हणाला, या तुळया एकसष्ट साली तोडलेल्या.
दारावर कोरलंय अठराशे बासष्ट.
मी दुरुस्त करणार होतो, मग लक्षात आलं:
लाकूड आधी तोडतात. दार मागाहून येतं.

प्रवचनाच्या चौथऱ्यावर मॉरवेनानं चूल मांडली होती.
म्हणायची, उपदेश अजून इथूनच चालतो,
ऐकणारा तेवढा एकच उरला.
हे मी त्याला सांगितलं नाही.
त्यानं मात्र चौथरा तीनदा मोजला,
आणि खिडकीतून अकरा थडगी दिसली तेव्हा विचारलं,
भेटीला येणाऱ्यांचा हक्क कागदावर आहे का?
बत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
चार लाख नव्वद हजार, म्हणाला. अडीच टक्के माझे.
माझ्या वहीत सत्तावीस जण चॅपलासाठी थांबलेत,
त्यातलं एक जोडपं अँटवर्पचं, चेलो वाजवणारं.

दुसरी लोवेना ट्रेगिअर.
मासळीचं दुकान आणि औषधांचं दुकान,
मधल्या फटीत हिचं ऑफिस.
रेनकोट निथळत आली, कुत्रा गाडीतच ठेवून.
वर बघितलंच नाही तिनं. सरळ मागे गेली,
सेप्टिक टँकचं झाकण उचललं, नाक मुरडलं.
तीन पंच्याण्णव, डेन्झिल. तेही उन्हाळ्यात. मला सव्वा टक्का.
मग सातव्या थडग्यापाशी वाकून
एक काटेरी वेल मुळासकट उपटली.
माझ्या आजीची बहीण, म्हणाली. एकोणीस वर्षांची होती.

रात्री पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
त्याचे सव्वाबारा हजार, हिचे पाचाला थोडे कमी.
मधल्या आकड्यात ट्रुरोचा तळमजला बसतो,
जिना नसलेला; माझे गुडघे बसतात.
ओळख बसवायला रकाना सापडेना.

सकाळी मीच तिच्या ऑफिसात गेलो.
तुलाच देतो म्हणायचं, असं ठरवून गेलो होतो.
तीच म्हणाली, लंडनवाल्याला दे.
आमच्याकडचे येतील, उत्साहानं येतील.
जिथं आता बाक नाहीत तिथं बसल्यासारखे उभे राहतील,
आई इथं नवरी होती, बापाचं इथूनच उचललं, सांगतील,
डोळे पुसतील, चहा पितील, घरी जातील.
जिथं पिकतं तिथं विकत नाही, बाबा.
आणि तिनं टेबलावरचा स्टेपलर उगाच सरळ केला.

मी सही केली. पण खाली पेननं एक ओळ वाढवली:
घर दाखवेल ती लोवेना. किल्ली तिच्याकडे.
फोनवर क्रिस्पिन थोडा वेळ गप्प.
मग म्हणाला, अर्धा टक्का माझ्यातून देतो.
रागावला होता की सुटला होता, कळलं नाही.

आज अँटवर्पचे आलेत.
घर दाखवताना मालकानं घरात थांबू नये म्हणतात,
म्हणून मी तिच्या गाडीत, कुत्र्याशेजारी.
त्याच्या श्वासानं काच धुरकटते, मी बाहीनं पुसतो.
दारात ती त्यांना आत नेत नाही.
हात करून म्हणते काहीतरी; मला ऐकू येत नाही,
पण मला माहीत आहे: आधी मागे चला.

तिघं थडग्यांपाशी उभी आहेत.
बाईनं हातमोजा काढला आहे.
ती वाकते आहे, अक्षरं वाचायला
की काही उपटायला,
काच पुन्हा धुरकटली.